चुनखडीच्या मुलखातलं तळं

इंग्लंडात पाऊस पडतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पडल्यावर तो जातो कुठे, हे बघायचं असेल तर यॉर्कशरच्या चुनखडीच्या डोंगरात जावं. मी पंचाण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला गेले होते. त्या उन्हाळ्यात पाऊस असा पडलाच नव्हता. आम्ही राहतो तिथे, एजवेअरला, आमच्या मागच्या गार्डनमधलं गवत काथ्यासारखं झालं होतं, आणि होजपाइपला बंदी असल्यामुळे सगळी गल्ली आपापल्या गुलाबांना भांडी धुतलेलं पाणी घालत होती. अशा वेळी लोक समुद्राकाठी जातात. आम्ही डोंगरात गेलो, कारण तिथल्या एका शेतघरातली बी अँड बी, म्हणजे न्याहारीसकट मुक्कामाची खोली, अचानक रिकामी झाली होती आणि स्वस्तात मिळत होती. ती रिकामी का झाली, ते तिथे पोचल्यावर कळलं.

आम्ही तिघं होतो. मी, आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, आणि चौदा वर्षांची केतकी, इथेच जन्मलेली, मराठी बोलते पण 'तो-ती'चा घोळ घालते. डॉक्टर पुण्याचे, चार पिढ्यांचे शिकलेले. मी माण तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि चढले तीही भूगर्भशास्त्र घेऊन. लग्नाआधी दोन वर्षं मी खेडोपाडी विहीर कुठे घ्यावी हे दाखवायच्या सरकारी कामावर होते. मी दाखवलेल्या बहुतेक विहिरींना पाणी लागलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी समजू नये. ते शिकून झालं.

शुक्रवार, घळीच्या वर

मॅलम गावापासून थोडं पुढे गेलं की गॉर्डेल नावाची घळ लागते. आधी साधं कुरण, त्यात ओढा, ओढ्याकाठी मेंढ्या. मग दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ येऊ लागतात, आणि एक वळण घेतल्यावर आपण एकदम दगडाच्या पोटात उभे असतो. वर आभाळाची चिंधी. कडे पांढरे, म्हणजे कळकट पांढरे, जुन्या चुन्याच्या भिंतीसारखे. समोरून पाणी कोसळायला हवं होतं. त्या दिवशी ते नुसतं ओघळत होतं. आमच्याकडच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना हा दगड हाडासारखा दिसतो.

शेतघर या घळीच्या वरच्या अंगाला, माळावर. मालक ॲलन, पन्नाशीचा, बोलणं मोजकं. बायको जॉयस, मूळची लीड्स शहरातली, बोलणं भरपूर. दीडशे मेंढ्या आणि बारा गाई. मेंढ्या पोटापुरत्या, पण गाई ॲलनच्या आजोबांच्या गाईंच्या वंशातल्या, हे जॉयसनं चहा ओततानाच सांगितलं. सोबत फ्रूटकेकचा तुकडा आणि त्याच्यावर चीजचा तुकडा. केकवर चीज, म्हणजे पुरणपोळीवर लसणीची चटणी खाल्ल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. मीही पिशवीतून ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. जॉयसनं ती त्याच केकवर घातली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

मग ती खाली मान घालून म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. बाथ नाही मिळणार. घराला पाणी येतं तो झरा पेन्सिलीएवढा झालाय. माणशी एक बादली. आधीचे पाहुणे याच कारणानं दुसऱ्या दिवशी निघून गेले."

डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. जॉयसला वाटलं आम्ही रागानं हसतोय. मी तिला म्हटलं, "मी लग्न होईपर्यंत अर्ध्या बादलीत न्हायलेय, केसांसकट. उरलेलं पाणी तुळशीला."

"आई, please, don't," केतकी म्हणाली.

शनिवार, नदी बुडते तिथे

ॲलनचं इंग्रजी मला पहिल्या दिवशी निम्मं कळलं. अक्षरं गिळून, शब्द तोडून बोलणारा माणूस. त्याचं बोलणं मी पुस्तकी मराठीत घातलं तर खोटं वाटेल, म्हणून आमच्या माणदेशी बोलीत घालते. त्यात ते अगदी चपखल बसतं. फक्त तो मला दर वाक्याला 'लव्ह' म्हणायचा, इकडे कुणालाही सहज म्हणतात तसं, ते तसंच ठेवते. आमचे डॉक्टर इथल्या हॉस्पिटलांत वीस वर्षं काढून या 'लव्ह'ला सरावलेत. मी अजून नाही.

सकाळी त्यानं आम्हाला माळ दाखवला. इथे डोंगरमाथा म्हणजे उघडा दगड, फरशी घातल्यासारखा, आणि फरशीला खोल भेगा. भेगांत वाकून बघितलं तर आत नेचे, ओलसर, गार. वर पाय ठेवायला हिरवं पान नाही आणि हातभर खाली श्रावण. पाऊस पडला की सगळा या भेगांत शिरतो. आमचा काळा पाषाण पाण्याला दारात ताटकळत ठेवतो. या दगडाला दारच नाही.

पुढे राखीव रानातलं मोठं तळं लागलं, पाणी धरणाऱ्या पाटीच्या दगडावर बसलेलं, आणि त्यातून निघालेला ओढा. तो ओढा रस्त्याखालून येतो, कुरणातून जरा चालतो आणि दगडगोट्यांत बुडून जातो. धबधबा नाही, भोक नाही. एका ठिकाणी पाणी आहे, चार पावलांवर नाही.

"आई, नदी कुठे गेला?" केतकीनं विचारलं.

पुढे मात्र दरी आहे. उंच काठांची, वळणाची, नदीनं कोरलेली, आणि तिच्यात नदी नाही. तळाला मेंढ्या चरतात. आम्ही त्या कोरड्या दरीतून चालत जाऊन एका मोठ्या कड्याच्या माथ्यावर निघालो. खाली, कड्याच्या पायथ्याशी, दगडाखालून एक ओढा निघत होता.

मी म्हटलं, "हे बघ केतकी, तिथे बुडालेलं पाणी इथे निघालं. साधं आहे."

ॲलननं टोपी मागे सारली. "समद्यास्नी तसंच वाटतं, लव्ह. शिकल्याल्या लोकांनी पाण्यात रंग टाकून बगितला. त्यो हितं आलाच न्हाई. गावाच्या बी खाली, पार तिकडं निगाला. आन हितं निगतंय ते पानी दुसरीकडचंच हाय. खाली अंधारात दोगं एकमेकांस्नी वलांडून जात्यात."

"असं कसं होईल?"

"आता ते मला काय म्हाईत. दगडाला इचारा."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मला ते आवडलं नाही, पण नकाशामागची माहिती वाचल्यावर ॲलनचं खरं निघालं.

संध्याकाळी जॉयसबरोबर भांडी विसळताना, म्हणजे एकाच टबात सगळी भांडी विसळताना, तिनं घरची अडचण सांगितली. ॲलन रोज ट्रॅक्टरला टाकी जोडून खालच्या गावातून पाणी आणतो. ते घराला आणि मेंढ्यांना कसंबसं पुरतं. एक गाय मात्र दिवसाला पाच-सहा बादल्या पिते. गाईंना माळावरच्या घरच्या छोट्या तळ्याचाच आधार, राखीव मोठ्या तळ्यावर गुरं नेऊ देत नाहीत. त्यात आठ-दहा दिवसांचं पाणी उरलंय. तेवढ्यात पाऊस आला तर ठीक, नाहीतर गाई बाजारात.

"खाली कुरणात ओढा वाहतोय ना? मी येताना बघितला," मी म्हटलं.

"ते कुरण डेनिसचं. सहा वर्षं झाली, ॲलन त्याच्याशी बोलत नाही."

"का?"

"डेनिसचा मेंढा मधला दगडी बांध ओलांडून आमच्या मेंढ्यांत शिरला. नको त्या महिन्यात. सगळी कोकरं जानेवारीच्या बर्फात जन्मली." तिनं टॉवेल पिळला. "निम्मी गेली. डेनिस म्हणाला, बांध तुझाच पडलेला होता."

"होता का?"

"होता," जॉयस म्हणाली.

रविवार, गाळ

रविवारी ॲलन टाकी घेऊन खाली गेला. दोन खेपा, म्हणजे दुपार उलटणार. मी चालत तळ्यावर गेले. बैठकीच्या दोन खोल्यांएवढं गोल तळं. मधोमध गुडघाभर पाणी, आणि भोवती तीन हात रुंद चिखलाचा पट्टा. गाई त्या चिखलातून पाय उपसत पाण्यापर्यंत जात होत्या.

आता आमच्याकडचा कुठलाही माणूस अशा वेळी काय करेल? तळं आटलं की गाळ काढायचा. हे सांगायला पदवी लागत नाही. आमच्या गावात वैशाखात सगळी आळी पाट्या-फावडी घेऊन तळ्यात उतरायची. गाळ शेतात जायचा, आणि तळ्याला पुन्हा पोट यायचं. मला वाटलं, हे लोक भले, कष्टाळू, पण यांना पाण्याची टंचाई नवी. यांना कुणी शिकवलेलंच नाही.

मी जॉयसला विचारलं. ती बेडशीट वाळत घालत होती. म्हणाली, "फावडी कोठारात आहेत, हौस असेल तर कर. मला त्यातलं काही कळत नाही. ते तळं ॲलनच्या आजोबांनी केलेलं, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

मी यातला पहिला अर्धाच ऐकला.

डॉक्टरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. केतकीला जॉयसचे गमबूट मिळाले. तीन तास आम्ही काम केलं. वरचा काळा चिखल काढला. त्याखाली दगड लागले, डोक्याएवढे, एकाला एक लावून बसवलेले.

"कुणीतरी मुद्दाम बसवलेत वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"गाळ बसू नये म्हणून टाकले असतील. आता गाळाखालीच गेलेत. काढा," मी म्हटलं.

"भूगर्भशास्त्रज्ञ तू आहेस बाई. मी आपला कान-नाक-घशाचा."

"मग घसा बंद ठेवा आणि ओढा."

दगडांखाली निळसर करडी माती होती, लोण्यासारखी गुळगुळीत, घट्ट. फावडं कापत जात होतं. इतका छान गाळ मी कधी बघितला नव्हता. एका जागी मी तो हातभर खोल काढला. तळाशी पांढरी भुकटी लागली. चुनखडीचा मुलूख आहे, चुना लागणारच, असं मी केतकीला समजावून सांगितलं.

"आई, माझा पाठ दुखते," ती म्हणाली.

"दुखू दे. गाईंना पाणी मिळेल."

ॲलन परतला तो टाकी रिकामी करून जेवून सरळ झोपायला गेला. जॉयसनं सांगितलं, पाहुण्यांनी तुझं तळं साफ केलंय. तो जिन्यावरून "बरं क्येलं, लव्ह" म्हणाला. त्याला वाटलं असावं, आम्ही काठावरचं शेण उचललं.

सोमवार

सकाळी मी सगळ्यांच्या आधी वर गेले. काठावर गाई ओळीनं उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. तळ्यात पाणी नव्हतं. मी खणलेल्या खड्ड्यापाशी चिखल जरा चकाकत होता, आणि तिथून आत, दगडाच्या पोटात, सगळं निघून गेलेलं होतं. शनिवारीच मी केतकीला नदी बुडताना दाखवली होती. भेगा दाखवल्या होत्या. तरी या मुलखात उघड्या माळावर तळं टिकतंच कसं, हा प्रश्न मला तीन तास फावडं मारताना एकदाही पडला नाही.

परत येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते दाढी करत होते, कपभर पाण्यात.

"उन्हाळ्यानं आटलं म्हणू," ते म्हणाले. "आटतच आलं होतं. कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

"अगं, आपण दुपारी निघणार."

"अहो, त्याच्या गाई दुपारी निघणार नाहीत."

न्याहारीला अंडी होती, टोमॅटो होते. ॲलन टोस्टला लोणी लावत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ॲलन, तळं रिकामं झालंय. मी फोडलं."

त्यानं लोणी लावणं थांबवलं नाही. "फोडलं म्हंजी?"

"गाळ म्हणून तळाची माती काढली. हातभर. दगडही काढले."

त्यानं सुरी ठेवली, टोपी घेतली आणि निघाला. मी मागोमाग. तळ्यात उतरून तो गुडघ्यावर बसला. त्यानं खड्ड्याच्या कडेची ती निळसर माती बोटानं दाबून बघितली.

"ही माती माज्या आज्यानं खालनं गाड्या भरून आनली," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच. "हितं पसरली आन वर गुरं घातली. धा दिस गुरं गोल गोल फिरवली. तुडवून तुडवून तळ धरला तिनं. खाली चुना टाकला, गांडुळांनी भोकं पाडू न्हाईत म्हून. वर दगुड लावलं, खुरांनी फाटू न्हाई म्हून."

"मला वाटलं गाळ आहे."

"गाळ वरचा. ह्यो गाळ न्हवं, लव्ह. हेच तळं हाय."

मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या. इतक्या थोड्या शब्दांत नापास कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, मी पुन्हा माती भरते, तुडवते. तो म्हणाला, तुडवू की, पर त्याला बी पानी लागतं, आन भरायला पाऊस. गाईस्नी आज लागतंय.

जॉयस वर आली होती. मग ॲलन म्हणाला, "उद्या बाजार हाय."

"डेनिसचा ओढाही आहे," जॉयस म्हणाली.

"त्येच्या दारात म्या जायाचा न्हाई."

"मग मी जाते."

"तू ऱ्हा." तो गाईंकडे वळला. त्यातली एक पुढे येऊन ओला दगड चाटू लागली. "तळं हुतं तवर मला जायाची येळ आली न्हाई," तो म्हणाला. "आता न्हाई तळं."

"फोन करू का त्याला?"

"फोन नगं. फोनवर न्हाई म्हनायला सोपं पडतं. गाई घिऊनच जातो. न्हाई म्हनायचं तर गाईंच्या तोंडावर म्हन म्हनावं."

मग आम्ही, बारा गाई आणि पाच माणसं, डांबरी रस्त्यानं दोन मैल खाली गेलो. ॲलन पुढे, जॉयस मागे. वाटेत जिथे जिथे बांध पडलेला किंवा फाटा फुटलेला, तिथे आमच्यातलं एक माणूस हात पसरून उभं करायचं, गाई पुढे गेल्या की त्यानं धावत जाऊन पुढची फट धरायची. डॉक्टरांना एका बंगल्याच्या फाटकाशी उभं केलं होतं. ते गाईला "नो, नो, प्लीज" म्हणाले. गाईनं त्यांच्या बगलेतून जाऊन दोन गुलाब खाल्ले. बँक हॉलिडेच्या मोटारी मागे साचल्या होत्या. एका काचेतून कुणीतरी आमचा फोटो काढला. केतकी सगळ्यात पुढच्या गाईबरोबर चालत होती, हातात हेझलच्या झाडाची काठी. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर कंटाळा नव्हता.

"आई, बघ! हा गाय माझं ऐकते!"

उतारावर पाण्याचा वास आला असावा. गाई आपोआप भराभर चालू लागल्या.

डेनिसचं फाटक बंद होतं. तो आत कुरणात कुंपणाचा खांब ठोकत होता. ठेंगणा, लाल मानेचा, ॲलनच्याच वयाचा. त्यानं आमच्याकडे बघितलं, हातोडा ठेवला आणि सावकाश आला. फाटकाच्या अलीकडे ॲलन, पलीकडे तो. मागे गाई एकमेकींना ढकलत होत्या. ओढा वीस पावलांवर वाहत होता, आवाज येत होता. सहा वर्षं न बोललेली माणसं पहिलं वाक्य कसं काढतात, हे मला बघायचं होतं. पण वाक्य कुणीच काढेना.

शेवटी डेनिस म्हणाला, "तुजं तळं कुटं गेलं?"

"फुटलं," ॲलन म्हणाला.

"तुज्या आज्याचं तळं? ते कसं फुटंल? कुणी फोडलं?"

ॲलननं टोपी काढली. "म्याच. गाळ काढाय गेलतो."

डेनिस हसायच्या बेतात होता. चाळीस वर्षं गुरं राखलेला माणूस आपल्याच तळ्याचा तळ खणतो, ही गोष्ट त्यानं पुढची वीस वर्षं बाजारात सांगितली असती. ॲलनला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी पाहुणी, बाईमाणूस, आजच जाणारी. माझं नाव कुठेच निघालं नसतं. जॉयसनं माझ्या दंडाला हात लावला, राहू दे म्हणून.

मी फाटकापाशी गेले. "यांनी नाही फोडलं," मी म्हटलं. "मी फोडलं. हे घरी नव्हते. यांना विचारलंही नव्हतं."

डेनिसनं मला डोक्यापासून चिखलानं भरलेल्या बुटांपर्यंत बघितलं. मग ॲलनकडे बघितलं. ॲलन टोपीच्या आत काहीतरी शोधत होता.

"आन गाई कुणाच्या? तुज्या का त्येच्या?" डेनिसनं मला विचारलं.

"त्यांच्या."

"मग तळं कुणी का फोडंना. तान गाईस्नी लागलिया," डेनिस म्हणाला आणि त्यानं फाटकाची साखळी काढली.

गाई आमच्या दोन्ही बाजूंनी आत गेल्या आणि सरळ ओढ्यात उतरल्या. बाराच्या बारा, पोटापर्यंत. बराच वेळ नुसता पाणी ओढल्याचा आवाज येत होता. ॲलन फाटकाच्या आत आला. उगाच एका खांबाला हात लावून त्यानं तो हलवून बघितला. पक्का होता.

"तुजी म्हातारी आय कशी हाय?" त्यानं डेनिसला विचारलं.